दीड इंच

तेरा कैच्या ट्रकवरून उतरल्या,
पाठीला पाठ लावून, पोलादी पट्ट्यांत आवळलेल्या.
फर्गसने पावतीवर सही मागितली
आणि बाबांनी आधी मोजायला घेतलं.
एक, दोन, तेरापर्यंत. मग पुन्हा.
मग प्रत्येकीची टाच, प्रत्येकीचा माथा,
सांध्यांवरच्या दातेरी पत्र्यांवरून बोट फिरवत.
"एकही चुकलेली नाही," म्हणाले,
जणू कोणी त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती.

शेतिकाँच्या या किनाऱ्यावर
चाळीस वर्षं त्यांनी वासे हाताने कापले.
गुण्या, करवत, कानामागची पेन्सिल.
वासा ज्या भिंतीवर बसणार
तिच्याशी आधी बोलून घ्यायचा:
तू जरा वाकडी, मी जरा आखूड,
जमवून घेऊ.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात
कपातल्या चहालाही लाटा आणतो.
म्हणून कारखान्याला फोन मी केला.
वीस फूट रुंद, चोवीस लांब,
लॉब्स्टरचे पिंजरे ठेवायची खोली, बर्फ पुष्कळ पडतो,
हे सगळं सांगून झालं
तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारलं, "उतार?"
मी बाबांकडे पाहिलं.
त्यांनी टेबलावर दोन तळहात
एकमेकांवर कलते उभे केले.
मी म्हटलं, "बाराला सहा."

भिंती मात्र त्यांनीच उभ्या केल्या. दोरी न लावता.
"माझे डोळे थरथरत नाहीत."

शनिवारी पहाटे सुएत पडला.
सुएत म्हणजे डोंगरावरून उतरणारा आमचा वारा,
छपरांना नावानिशी ओळखतो.
एका भिंतीवर अनसेल्म, दुसरीवर मी,
रेमी खालून लांब काठीने माथा ढकलत.
कैची आधी उलटी लटकते, वटवाघळासारखी,
मग एका झोक्यात सरळ.
पहिलीला तिरके टेकू. दुसरी. तिसरी.
दर दोन फुटांवर एक,
इतकं सोपं
की बाबांकडे बघायची मला लाज वाटू लागली.

सातवी बसेना.
अनसेल्मच्या बाजूला टाच नेमकी टेकली,
माझ्याकडे दीड इंच बाहेर.
बाबा शिडीवर चढले. ओळंबा सोडला.
शिसं झुलायचं थांबेपर्यंत
कोणी काही बोललं नाही.
भिंत आत आली होती, मधोमध.
कैचीला विचारलं असतं तर म्हणाली असती,
मी वीस फूट आहे.
मला दुसरं काही येत नाही.

त्यांनी करवत मागितली.
कैचीच्या पोटाशी लाल चिठ्ठी होती: कापू नये.
रेमीने ती मोठ्याने वाचली, नको तेव्हा.
करवत हवेत थरथरली,
हात म्हणायचं आम्ही टाळतो.
मग ती माझ्याकडे परत आली.
बाबा शिडी उतरले,
खोलीत शिरले, पाय रोवले
आणि भिंतीला खांदा लावला,
गाभण गाय दावणीत सरकवावी तसा,
गाल लाकडाला टेकवून, डोळे मिटून.
भिंत कुरकुरली.
एक इंच. सव्वा.
"मार!"
मी खिळा मारला. दुसरा मारला.
"बाबा, बसली."
तरी खांदा काढेनात.

संध्याकाळपर्यंत तेरा उभ्या राहिल्या.

बांधलेल्या प्रत्येक छपराच्या आढ्यावर
आतल्या बाजूने नाव लिहायची त्यांची रीत.
लेऑन्स, आणि खाली वर्ष.
गावात कितीतरी माळ्यांवर ते अजून आहे,
कोळिष्टकांखाली.
इथे आढंच नव्हतं.
कैच्यांवर कारखान्याचा निळा शिक्का, तेराही ठिकाणी.
ते बराच वेळ पेन्सिल घेऊन फिरले,
मान वर करून,
चुकीच्या घरात शिरल्यासारखे.
मग शिडी सातवीखाली लावली,
आणि भिंतीच्या माथ्यावर,
डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून
लिहिलं: दीड इंच.
खाली तारीख.